थांबायले जागा किती

बेटा,

तू परवा फोनवर विचारलं का बाबा, तुमच्या टायमाले रोडवरच्या रेसा कशा व्हायच्या, अन् मी म्हटलं लिहून पाठवतो, काहून का तुही आई बाजूलेच बसून होती अन् तिच्यासमोर हा विषय निंघाला का त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडते. तं आता दुकानात बसून टाइप करून राहिलो. कापसाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक सांजच्याले येते, दुपारी रिकामाच असतो. काना-मात्रा चुकला तं सांभाळून घेजो.

पहिले तुह्या कॉलेजच्या इलेक्ट्रिक गाडीच्या टीमच्या पोट्ट्यायले एक सांगजो, ते सारखं ड्रॅग ड्रॅग, म्हणजे सरळ रेघेतली रेस, करत राहतात ना, का सरळ पट्ट्यावर जोडी सोडायची अन् घड्याळ लावायचं हे आमच्याकडं बाहेरून आलं नाही. शंकरपट, आपली बैलजोडीची शर्यत, म्हणजे दुसरं काय आहे? तळेगाव दशासरचा पट तू माह्या खांद्यावर बसून पाहिला आहे, तुले आठवत नसन. ना वळण ना काही, धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा उभा, बैल सुटले का काही सेकंदात खेळ खतम, अन् सेकंदाच्या बारक्या तुकड्यावर कोणाची जोडी पहिली ते ठरते. तिथं बायांचाही पट होते, पदर खोचून बाया जोडी हाकतात, तुही आई नाही म्हणते पण तिलेही एकदा हाकून पाहायचंच होतं. मधात ७ मे २०१४ ले सुप्रीम कोर्टानं बैलाच्या शर्यती बंद केल्या, मंग १६ डिसेंबर २०२१ ले परवानगी भेटली, अन् १८ मे २०२३ ले पाच जजच्या घटनापीठानं कायदा कायम ठेवला. त्या मधल्या वर्षात किती लोकायनं पटाचे गोऱ्हे विकून टाकले ते मी पाहिलं आहे. असो, तो विषय वेगळा.

तुह्या आजोबाची एक सवय होती. पटाले गेले का लोकं बैल पाहायले जायचे अन् हा माणूस सरळ ट्रॅकच्या त्या टोकाले. निशाणाच्या पुढं वावर किती मोकळं आहे, कुठी विहीर आहे का, काटेरी तार आहे का, जोडी धरायले उभी असलेली माणसं कामाची आहेत का नुसती खर्रा खात उभी आहेत. हे पाहिल्याशिवाय जोडी उतरवायची नाही. मले तवा वाटायचं का माहा बाप पट उलटा पाहते.

मंग आमच्या वेळेले गावात गाड्या आल्या. यामाहा आरएक्स १००. १९८५ च्या शेवटी निंघाली अन् १९९६ मध्ये बंद झाली, धुराचे नियम कडक झाले तवा टू स्ट्रोकचं कठीणच होतं. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. तुमचे पोट्टे हे आकडे ऐकून हासतील, हासू दे. त्या टायमाले हिरो होंडाची सीडी १०० सात-साडेसात हॉर्सपॉवरची होती अन् तिचा मालक पेट्रोल किती कमी लागते ते सांगत फिरायचा, आरएक्सचा मालक काहीच सांगत नव्हता, गाडीच सांगायची. मी तवा हायवेवरच्या एका मिस्त्रीकडं हाताखाली होतो अन् आसपासच्या गावच्या आरएक्स आमच्याच गॅरेजवर यायच्या.

गाडी तयार करणं हा खरा नाद होता, चालवणारे तं भेटतच होते. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक दात कमी करायचं, त्यानं वरचा स्पीड जाते पण उचल वाढते, अन् चारशे मीटरात वरचा स्पीड कोणाले पाहिजे. लेथवाल्याकडून हेड उलसं घासून आणायचं, कॉम्प्रेशन वाढते. सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराची भोकं, बारीक कानशीनं घासायचे, अन् इथं हात थांबला पाहिजे, एक्झॉस्ट पोर्ट जास्त घासला का खालची ताकद मरते अन् सिलिंडर परत पहिल्यासारखा होत नाही. मिस्त्री मले पोर्टले हात लावू देत नव्हता, मी फक्त जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडायची बारकी नळी, बदलायचो. पण जेट हेच खरं शिक्षण होतं. थंडीत हवा दाट असते, तवा मेन जेट मोठा लागते, नाहीतर मिक्श्चर पातळ पडते. एक ताणून चक्कर मारायची, गाडी तशीच बंद करायची अन् प्लग खोलून पाहायचा, चॉकलेटी रंग आला तं बरोबर, काळा आला तं पेट्रोल जास्त, पांढरा आला तं हात जोडून जेट बदलायचा, कारण पांढऱ्या प्लगवर जो भर वेगात गेला त्याचा पिस्टन सीज झालाच, म्हणजे सिलिंडरात अडकलाच, समज. मागचं चाक एकदम जाम होते. क्लच दाबायले जेवढा वेळ लागते तेवढाच तुह्या हातात असते, म्हणून आमचा मिस्त्री सांगायचा का रेस होईपर्यंत एक बोट क्लचवरून काढायचं नाही. ते बोट माहं अजूनही निंघत नाही, तुही स्कूटी चालवतानी पण.

तालुक्याच्या गावी एकाकडं राजदूत ३५० पण होती. एस्कॉर्ट्सनं काढलेली, १९८३ पासून सहा-सात वर्षं चालली. तीस हॉर्सपॉवर, जपानी आरडी ३५० ची बहीण. जपानी गाडीले पुढं डिस्क ब्रेक होता अन् आपल्याकडं आली तं दोन्ही चाकाले ड्रम. एवढ्या ताकदीले ड्रम ब्रेक! तिच्यासमोर आरएक्स लावायची कोणाची हिंमत नव्हती, पण ती पेट्रोल इतकी प्यायची का मालक रेस लावण्याऐवजी नुसती उभी करून दाखवायचा.

जागा म्हणजे नागपूर-औरंगाबादचा जुना रोड. किलोमीटरच्या दगडाच्या मधात दोनशे-दोनशे मीटरवर बारके दगड असतात पाह्य, त्यातले दोन टप्पे म्हणजे आमची रेस, चारशे मीटर. किती तरी वर्षांनी मोबाइलवर पाहिलं का अमेरिकेत पाव मैल म्हणजे ४०२ मीटर धरतात, मी एकटाच हासलो दुकानात. दिवाळी झाल्यावर रेसायचा सीझन. पावसात आपली काळी माती फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा रोड लाटा मारते, म्हणून जिथं नवीन डांबर पडलं तिकडं आम्ही सरकत जायचो. रात्री साडेदहानंतर, दोन गाड्या बाजूबाजूनं, पुढं एक जण टॉर्च घेऊन, तिकडच्या दगडावर दुसरा. टॉर्च विझला का सुटायचं. सुटतानी टाकीवर पुढं सरकून बसायचं नाहीतर पुढचं चाक हवेत, अन् चाक हवेत म्हणजे दिसायले भारी, टाइमले बेकार. जो हारला त्यानं रोडग्याची पार्टी द्यायची, वावरात, वांग्याच्या भाजीसंग. पैशाची पैज आमच्यात नव्हती, दुसऱ्या गावच्यायची होती अन् तिथं भांडणंही होती.

मजा होती बेटा, मी खोटं काहून सांगू. दोन आरएक्स एकदम सातव्या हजारात गेल्या का धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभ्या माणसाच्या छातीत आवाज वाजते. टू टी ऑइलचा वास थंडीत जमिनीवरच बसून राहायचा. मले आजही तो वास आला का मी मान फिरवतो, तुही आई म्हणते कोण बाई गेली वाटते.

पण हिशोब आता कर, तू तं इंजिनियरिंगवाली. ताशी शंभर म्हणजे सेकंदाले साडेसत्तावीस मीटरच्या वर. समोर काही दिसलं हे डोक्यात यायले एक सेकंद, तेवढे मीटर गेले. मंग ते एवढुसे ड्रम ब्रेक, चांगले लागले तरी सत्तर-ऐंशी मीटर. झाले शंभरच्या वर. अन् आरएक्सच्या हेडलाइटमध्ये चाळीस-पन्नास मीटरच्या पुढं नुसता अंधार. म्हणजे निशाणीचा दगड पार केल्यावर आपण जिथं थांबणार ती जागा आपण पाहिलेलीच नसायची. अन् कापसाच्या सीझनले त्या जागेवर काय असते ते तुले माहीत आहे, जिनिंगले चाललेल्या बंड्या. मागं लाइट नाही, चमकपट्टी नाही, वरतून बंडीवाला झोपलेला, बैलायले रस्ता पाठ. नाहीतर रोही, म्हणजे नीलगाय. रोही रोडवर आला का तो कोणत्या बाजूले उडी मारन हे त्यालेही माहीत नसते.

एकदा दोन गाड्या निशाणी पार करून गेल्या अन् एक बंडीच्या उजवीकडून, दुसरी डावीकडून निंघाली, बैल बिचकले, बंडी खाली उतरली, कापसाचे बोचके रोडवर. बंडीवाला तुतारी (बैल हाकायची काठी) घेऊन आमच्या मागं असा पळाला का त्या रात्री सगळ्यात चांगला टाइम त्याचाच होता. आम्ही दोन तास त्याचा कापूस भरून दिला अन् त्यानं प्रत्येकाले दोन-दोन शिव्या मोजून दिल्या. हा किस्सा अजूनही लग्नात सांगतात.

दुसरा किस्सा कोणी सांगत नाही. आपल्या कृषी केंद्रावाल्या काकाचा पाय. तुले लहानपणी सांगितलं होतं का बैलानं पाडलं म्हणून, तशी त्यायचीच इच्छा होती, आता तू मोठी झाली. ते जिंकले होते त्या रात्री. दोन गाड्यायची जागा पुढं होते, मागं पाहिलं, हात वर केला, अन् समोर उसाची नाही, कापसाचीही नाही, रिकामी बंडी होती, साठ मीटरवर असन नसन. मागचा ब्रेक जाम झाला, गाडी आडवी. हेल्मेट कोणाकडंच नव्हतं, डोकं वाचलं हे नशीब. नागपूरले तीन महिने. त्यायच्या आईनं गाडी भंगारवाल्याले दिली, इंजिनसकट, अन् त्यानंतर आमच्या गावची रेस बंद झाली. पोलिसायमुळं नाही. कायदा तं तवाही होता, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, रोडवर रेस लावली तं एक महिना नाहीतर पाचशे रुपये, २०१९ ले बदल करून तीन महिने नाहीतर पाच हजार केले. पाचशे रुपयाले तवा किंमत होती पण त्या कलमाच्या भीतीनं मी कोणाले थांबतानी पाहिलं नाही.

अमेरिकेतही असंच चालू झालं हे मले लय उशिरा कळलं. कॅलिफोर्नियात म्युरॉक नावाचं सुकलेलं तळं होतं, तिथं पोट्टे जुन्या फोर्ड गाड्या पळवायचे, १९३७ ले त्यायनं संघटना बांधली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, सैनिक घरी आले, हातात पैसा अन् आंगात मस्ती, रोडवर रेसा सुरू. मंग काही शहाण्या लोकायनं विमानाच्या धावपट्ट्या मागितल्या. १९५० ले सांता आनाच्या विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग सुरू झाली, अन् १९५१ ले वॉली पार्क्सनं एनएचआरए ही ड्रॅगवाल्यायची संघटना काढली, पोट्ट्यायले रोडवरून उचलून पट्टीवर न्यायचं म्हणून. आपल्याकडं मद्रासजवळ शोलावरमलेही लढाईच्या वेळची धावपट्टी होती, तिथंच रेसा व्हायच्या. आता तू सांग, धावपट्टीच काहून? गुळगुळीत असते हे खरं, सरळ असते हेही खरं, पण रेस संपल्यावर पुढं अजून तेवढीच पट्टी मोकळी राहते. आजोबा हेच पाहत होते ना.

अन् २००८ चं ऐक. जून महिन्यात न्यू जर्सीले स्कॉट कलिटा नावाचा मोठा ड्रायव्हर गेला. इंजिन फुटलं, पॅराशूटनं गाडी आवरली नाही, अन् रेतीचा खड्डा पण पार करून गेली. त्याच्यानंतर एनएचआरएनं काय केलं माहीत आहे? सगळ्यात जलद दोन वर्गायची रेसच कमी केली, १३२० फुटाची १००० फूट. साठ वर्षं जुना पाव मैल सोडून दिला अन् वाचलेले तीनशेवीस फूट थांबायले दिले. मी हे वाचून मोबाइल बाजूले ठेवला अन् गिऱ्हाईकाले प्लगाऐवजी बल्ब काढून दिला.

तं आता तुही गोष्ट. तू बोलता बोलता सांगितलं का टीम रात्री रोडवर टाइम काढते अन् तू स्टॉपवॉच घेऊन उभी राहते. मी तवा काही बोललो नाही कारण आई होती. तुमच्या इलेक्ट्रिक गाडीले क्लच नाही, मूठ पिळली का शून्यापासून पूर्ण ताकद, अन् आवाज नाही. आमची आरएक्स बंडीवाल्याले दोन वावराच्या पल्याडून ऐकू यायची, तुमची कोणालेच येत नाही. वरतून बॅटरीचं वजन. वेग दुप्पट झाला का थांबायले जागा चौपट लागते हे तू मले शिकवू नको, मी तुले शिकवत नाही. फक्त मले एक आकडा पाठवजो. स्टॉपवॉच जिथं बंद करता तिथून पुढं मोकळी जागा किती मीटर आहे, पायानं मोजून, अंदाजे नाही. अन् तिथं कोणी उभं असते का. तू स्वतः कुठी उभी राहते तेही लिहजो, शेवटच्या निशाणीवर असशीन तं उद्यापासून नाही, दुसऱ्या कोणाले ठेवा अन् त्यालेही रोडच्या बाजूले नाही, धुऱ्याच्या पल्याड.

लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग झाल्या आहेत, तसं कुठी होत असन तं विचारपूस करा. एंट्री फी लागन, ती मी भरतो, कापूस यंदा बरा आहे, भाव बरा म्हणत नाही. आईले सांगू का कॉलेजची फी आहे.

आपली आरएक्स अजून शेडमध्ये आहे, चालू आहे, फक्त कार्ब्युरेटर अन् इंजिनच्या मधातला रबर तडकला आहे अन् तिथून हवा ओढते, आयडल धरत नाही. इकडं भेटते ते सगळं डुप्लिकेट, दोन महिन्यात परत तडकते. पुण्यात अस्सल भेटला तं एक घेऊन ठेवजो, अन् संक्रांतीले येशीन तवा आण. पैसे पाठवून राहिलो.

तुहा
बाबा