सव्वा महिना आणि तीस दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. नात झाली, वजन १ किलो ३८० ग्रॅम. चोवीस दिवस काचेच्या पेटीत काढून ती घरी आली. आमचा सगळा जीव तिच्या वजनात अडकला होता. बाकी काही बघायचं असतं हे डोक्यातच नव्हतं.

डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत इंग्रजीत चार अक्षरं खरडलेली होती. काउंटरवर विचारलं तर, "फॉलोअपला या, सगळं लिहिलंय." कधी, कुठे, कशासाठी, काही नाही. आणि घरी मी, खमकी आजी! सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं मीच बजावलं होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल तर जास्तच जपायचं.

तीन दिवसांनी गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, आल्या. त्याही शेजारणीकडून कळलं म्हणून. बाळंतपण माहेरी, नाव सासरच्या गावच्या रजिस्टरला, दवाखाना खासगी. त्यांना कोण कळवणार? त्यांनी बाळाला झोळीच्या काट्यावर तोललं, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले, काखेत थर्मामीटर लावला. मग कार्ड हातात घेतलं आणि म्हणाल्या, "आज्जी, डोळ्याचा पडदा दाखवला का? तीस दिवसांच्या आत दाखवायचा असतो. आज सत्ताविसावा आहे."

त्या तपासणीत जो आजार शोधतात तो म्हणजे आरओपी, रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सुटतो. बाहेरून डोळे अगदी टपोरे, छान दिसतात. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाची तपासणी महिन्याच्या आत व्हायलाच हवी. फारच लहान बाळाची त्याही आधी. वेळेत सापडलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते, पण तेव्हा दिवस नाही, तास मोजायचे असतात.

एकोणतिसाव्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे होतो. सुरुवातीचा आजार निघाला. आठवड्याला फेरी, मग पंधरवड्याला. सुदैवानं आपोआप ओसरला. शेजारच्या बाकावर पाच महिन्यांचा मुलगा घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या खुळखुळा वाजवत, तो आवाजाकडे मान वळवी, पण नजर खुळखुळ्यावर टिकत नसे. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायचा मला धीर झाला नाही. आशाताई आल्या नसत्या तर आमचाही सव्वा महिना मी बसून काढला असता.

योजना नाहीत असं नाही. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली, १९९९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, २०११ पासून देशभर आशा हेच काम करताहेत. या सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की मिळतात अडीचशे रुपये, असं आमच्या आशाताईंनीच हसत सांगितलं. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे. हे मला नात झाल्यावर कळलं. साठी उलटली माझी.

माझं मागणं फार मोठं नाही. पेटीतून बाळ घरी सोडताना कार्डावर मराठीत लिहा: डोळे अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, कान अमुक तारखेला, सोबत एक फोन नंबर. बाळ सासरी जाणार की माहेरी ते विचारा आणि त्या गावच्या आशाला दवाखान्यातूनच फोन करा. खासगी दवाखान्यांनाही हे बंधनकारक करा. आणि आजीला समोर बसवून स्पष्ट सांगा, की सव्वा महिना इथे चालणार नाही. आम्ही ऐकतो. सांगणारा हवा.

नात आता सात महिन्यांची आहे, डॉक्टरांच्या हिशेबानं जेमतेम पाच. माझा चष्मा ओढते. कानांची तपासणी मात्र राहिली आहे. त्या चिठ्ठीवर तारखेच्या जागी "सोयीनुसार" असं लिहिलंय.

आपली,
एक वाचक आजी,
सांगोला, जि. सोलापूर