आई, मी तुला का दिसले नाही ते सांगते

१३ ऑगस्ट २०२५

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई म्हणाली, "पहाटे चारला उठून बसलो गं दोघं, सगळं बघितलं, पण तू कुठे होतीस ते काही शेवटपर्यंत कळलं नाही, सगळ्यांचे कपडे एकसारखे." मी तेव्हा बरं बरं म्हणून विषय बदलला पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. माझा अमेरिकेतला शो बघायला म्हणून बाबांनी आदल्या दिवशी शेजारच्या दादाला बोलावून मोबाईल टीव्हीला जोडून घेतला, दोन अलार्म लावले, एवढं करून मुलगी दिसलीच नाही. आणि बाबा शेवटी जे म्हणाले, "बरं, पण यातून तुला मिळालं काय," त्यालाही मी नीट उत्तर दिलं नाही. फोनवर मला नाहीच जमत, म्हणून लिहितेय. दोघं मिळून वाचा, आई तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा बदलायचा राहिलाय हे मला ताईने सांगितलंय.

आधी एक गोष्ट. बाबा सगळ्यांना सांगतात चिऊ तिकडे बँडमध्ये आहे, तर बँड नाही, ड्रम कोअर. स्पेलिंग वेगळं आहे पण बोलताना नुसतं कोअर. पहिल्या महायुद्धावरून परत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी अशी पथकं काढली, त्यातून हे वाढलं, आणि १९७२ पासून ड्रम कोअर इंटरनॅशनल म्हणून दर उन्हाळ्यात देशभर स्पर्धा होते. बासरी-क्लॅरिनेट काही नाही, पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारे कलर गार्डवाले, असे दीडशेच्या वर पोरंपोरी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत, पळत, उलटं चालत अकरा-बारा मिनिटांचा एक शो करतात. तोच एक शो, अख्खा उन्हाळा. आणि वय जास्तीत जास्त २१. म्हणजे १ जूनच्या आत २२ पूर्ण झाली की संपलं, कितीही चांगलं वाजवत असाल तरी. मला ऑक्टोबरमध्ये २२ होतील, म्हणजे हा माझा पहिला उन्हाळा होता आणि शेवटचाही. याला इथे एज-आउट म्हणतात. मे महिन्यात घरी न येता इकडेच का राहिले ते तेव्हा मी फक्त "प्रॅक्टिस आहे" एवढंच सांगितलं, खरं कारण हे होतं.

अजून एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती ती आता सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवस माझा फोन बंद होता आणि मी सर्दी झाली म्हणाले होते ना, सर्दी वगैरे काही नव्हती. मी एका कोअरच्या ऑडिशनला गेले होते, स्नेअरसाठी, म्हणजे आपल्या ताशासारखा कडक आवाजाचा ड्रम. मला वाटलं होतं चार वर्षं नदीपात्रात ताशा वाजवलाय, लक्ष्मी रोडला सलग सहा-सहा तास वाजवलाय, जमेल. तिथे गेल्यावर कळलं की माझा हात वेगळ्या शाळेत शिकलाय. ताशाची काडी मनगटातून सैल उडते, जोर आतून येतो, आणि इथे काठी जमिनीपासून किती इंच उचलली... म्हणजे ड्रमच्या कातड्यापासून किती इंच, तीन, सहा, नऊ, बारा, हे ठरलेलं असतं आणि ओळीतल्या आठ-नऊ जणांच्या काठ्या तेवढ्याच वर जायला हव्यात, एकाचीही जास्त नाही. आवाज बरोबर असून चालत नाही, दिसायलाही तोच हात दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाजूला घेऊन नाही सांगितलं. नीट, चांगल्या शब्दांत सांगितलं, पण मी परतीच्या बसमध्ये पाच तास रडले आणि तुम्हाला फोन केला असता तर आई तू म्हणाली असतीस ये परत, म्हणून केला नाही.

मग वर्षभर रोज रबरी पॅडवर दोन तास. पॅरॅडिडल, फ्लॅम, एका हाताने आठ मग दुसऱ्याने आठ, मेट्रोनोम लावून. रूममेट वैतागली म्हणून लॉन्ड्रीच्या खोलीत जाऊन करायचे, तिथे मशीनचा आवाज असतो. आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कोअरला गेले, या वेळी बेस ड्रमसाठी. डिसेंबरचा कॅम्प झाला, जानेवारीत परत बोलावलं, आणि रविवारी संध्याकाळी हातात कॉन्ट्रॅक्ट दिलं. तीन नंबरचा ड्रम.

आता बेस म्हणजे काय ते नीट ऐका, कारण सगळं तिथेच आहे. पाच जण असतात. एक नंबरचा ड्रम सगळ्यात लहान, साधारण १८ इंचाचा, आणि पाच नंबरचा सगळ्यात मोठा, तीस-बत्तीस इंचापर्यंत. आपल्या पथकात पन्नास ढोल एकदम एकच ठोका मारतात, इथे उलटं. एक ओळ पाच जणांत वाटलेली असते, प्रत्येकाने आपापला ठोकाच मारायचा, लहानाकडून मोठ्याकडे आवाज असा जिना उतरल्यासारखा जातो. लय मिनिटाला १८० असली आणि प्रत्येक बीटचे चार तुकडे केले तर सेकंदाला बारा ठोके होतात, आणि त्या बारातले माझे दोन किंवा तीन. बाकीच्या वेळी गप्प. ताशावाली मी, जिच्या काडीवर अख्खं पथक हात बदलायचं, मला गप्प राहणं फार अवघड गेलं हो. पहिल्या कॅम्पला मला बोलायला लावायचे, काठी खाली ठेव, तोंडाने म्हण, फक्त तुझा. मग मी आमच्या पाच जणांना मंगलमूर्ती शिकवलं. मं, ग, ल, मू, र्ती. पाच अक्षरं, पाच ड्रम. टेक्सासचा एक, विस्कॉन्सिनच्या दोघी, ओहायोचा एक आणि मी, रात्री बसमध्ये अंधारात एकेकाने एकेक अक्षर, चुकलं की पहिल्यापासून. अर्थही सांगितला त्यांना. तिसरं अक्षर माझं.

मे अखेरीला एका शाळेत मुक्काम टाकला, ट्रेनिंगला. सकाळी नाश्त्यापासून रात्री साडेनऊ-दहापर्यंत मैदानावर. प्रत्येकाकडे एक वही, त्यात शोच्या प्रत्येक चित्रासाठी, म्हणजे सगळे मिळून मैदानावर जो आकार करतो त्यासाठी, आपली जागा लिहिलेली, कुठल्या यार्डाच्या रेषेपासून किती पावलं, पुढच्या रेषेपासून किती. पाच यार्डाला आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, आणि ते पायात बसेपर्यंत चालायचं. ड्रमवाले आडवे चालतात, पायावर पाय ओलांडत, खेकड्यासारखं, त्याला नावच क्रॅब स्टेप आहे. आई, तू व्हिडिओ कॉलवर खांद्यावरचे काळे डाग बघून घाबरलीस ना, ते ड्रम अडकवायच्या पट्ट्याचे वळ आहेत, आता जवळजवळ गेले.

मग टूर. शो संपला की सामान भरायचं, बस रात्रभर चालते, पहाटे कुठल्या तरी शाळेच्या जिममध्ये उतरून जमिनीवर गादी फुगवायची आणि जे तीन-चार तास मिळतील ते झोपायचं. त्याला फ्लोअर टाइम म्हणतात आणि बाबा तो शब्द ऐकून जेवढा आनंद होतो तेवढा मला पगाराच्या दिवशीसुद्धा होत नाही. जेवण एका मोठ्या ट्रेलरमध्ये, दिवसाला चार वेळा, आणि रांधणारे बहुतेक मुलांचे आईवडील, सुट्टी काढून आपल्या पैशाने आलेले. माझी पाळी होती त्या सकाळी मी एका काकूंबरोबर दहा किलो तरी कांदा चिरला, त्या आयोवाच्या, मुलगा ट्रम्पेटला. त्या मला विचारत होत्या तुझी आई काय करते, आणि मी मेतकूट कसं करतात ते सांगत बसले आणि मग मला कांद्याचं निमित्त करून रडता आलं.

एक चूक झाली तीही सांगते. अटलांटाच्या मोठ्या स्टेडियममध्ये, छत बंद, आवाज परत येऊन आदळत होता, मी कानाने ऐकून वाजवायला गेले आणि एका रनमध्ये, म्हणजे त्या जिन्यासारख्या ओळीत, माझा ठोका उशिरा पडला. मंग-मूर्ती. एवढंसं भोक. हजारो लोकांत कुणाला कळलं नसेल पण आम्हा पाच जणांना कळलं. बाहेर आल्यावर कुणी काही बोललं नाही, चार नंबरच्या मुलीने फक्त माझी पाण्याची बाटली भरून आणून दिली. त्या रात्री मी फ्लोअर टाइम सोडून वही घेऊन बसले होते.

आणि मग ॲलनटाउन, पेन्सिल्व्हेनियातलं जुनं उघडं मैदान, लोक अगदी अंगावर येतील इतके जवळ, तिथे पहिल्यांदा मी पूर्ण शो एकही ठोका न सोडता वाजवला. ते मला मैदानातून बाहेर पडताना आपोआप कळलं, पायांना कळलं.

इंडियानापोलिसला गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी सेमी, शनिवारी फायनल, लुकस ऑइल स्टेडियममध्ये. फायनलला वरचे १२ जातात, आम्ही त्यात नव्हतो, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. म्हणजे तुम्ही पहाटे उठून जो बघितला तो माझा शेवटचा शो. शनिवारी आम्ही वर बसून फायनल बघितली, बोस्टन क्रुसेडर्स जिंकले, १९४० साली सुरू झालेला कोअर आणि हे त्यांचं या स्पर्धेतलं पहिलं विजेतेपद, आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो जसं काही आम्हीच जिंकलोय.

बाबा, मिळालं काय. पैसे मिळत नाहीत, आपणच फी भरायची, ती मी दोन सेमिस्टर लायब्ररीत काम करून भरली, थोडे ताईने दिले, तिला रागावू नका. सर्टिफिकेटवर नोकरीही नाही. तुम्ही ३४ वर्षं पोस्टात सॉर्टिंग केलंत, मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं की बाबा तुम्ही पत्र लिहिता का, तर तुम्ही म्हणालात नाही गं, माझ्या हातातून पुढे जातात. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं. आता आवडतं. माझ्या हातातून ती ओळ पुढे जायची, एकाने दिलेली घ्यायची आणि वेळेत पुढच्याला द्यायची, आणि मला आयुष्यात एवढं खरं काही वाटलं नाही बाबा. हे मिळालं. यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

२७ तारखेला गणपती. नदीपात्रातून सरावाचा आवाज घरापर्यंत येत असेल ना आता, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवत जा, मी सातच्या सुमाराला फोन करते, मला ऐकवा.

आणि आई, आता तुला मी कुठे होते ते. तुला चेहरा सापडला नाही कारण तो प्रेक्षकांकडे नव्हताच. बेस ड्रमची कातडी दोन बाजूंना असतात, ती लोकांकडे यावीत म्हणून आम्ही पाच जण सगळा वेळ आडवे, मैदानाच्या टोकाकडे तोंड करून उभे असतो. वर टोपी, पुढे ड्रम. ताई लिंक पाठवेल तो व्हिडिओ लाव, साडेसहा मिनिटांवर ने. सगळी पितळी वाद्यं थांबतात, झेंडे खाली येतात, कुणी हलत नाही. मैदानाच्या मधोमध ५० च्या रेषेच्या जरा डावीकडे पाच गोल दिसतील, लहानापासून मोठ्यापर्यंत. बरोबर मधला बघ, दोन हात दिसतील, डाव्या मनगटावर पांढरी टेप आहे. बाबांना म्हणावं आवाज पूर्ण वाढवा. आधी मं, मग ग, आणि तो ल माझा.

तुमची,
चिऊ