उधारीची वही आणि जीएसटी

महोदय,
यजमान गेल्यावर अमळनेरचं आमचं किराणा दुकान मी चालवायला घेतलं. मालाचे भाव लवकर पाठ झाले. उधारीच्या वहीत मात्र 'तात्या, कापूस विकल्यावर' एवढंच! आता कोणते तात्या? तरी बरेच जण आपणहून पैसे देऊन गेले.

दमछाक झाली ती कागदांची. एकट्या मालकाच्या नावावरची जीएसटी नोंदणी वारसाला चालत नाही, नवी घ्यावी लागते. माल घेताना भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून नव्या नोंदणीवर वळवता येतं. दुकानाच्या चालू खात्यालाही नॉमिनी लावता येतो. हे मला फार उशिरा कळलं. व्यापारी संघटनांनी ते घरच्या बायकांना समजावून सांगावं. सांत्वनाला येतात तेव्हा सांगितलं तरी चालेल.

– एक दुकानदार, अमळनेर (जि. जळगाव)