मेसोथेलिओमा : वय बघून हात टेकू नका

संपादक महोदय,

फुफ्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या संपर्कानंतर बहुधा २० ते ५० वर्षांनी दिसतो. म्हणूनच रुग्ण म्हातारे असतात आणि घरचे ‘आता या वयात काय करायचं’ म्हणतात. हे चूक आहे.

छातीत साचलेले पाणी एका वेळी साधारण दीड लिटरच काढावे. घाईने जास्त काढल्यास फुफ्फुसाला सूज येऊ शकते. त्यानंतर फुफ्फुस फुगले, तर टाल्कची पूड घालून फुफ्फुसाची आवरणे एकमेकांना चिकटवता येतात, म्हणजे पाणी पुन्हा साचायला जागा उरत नाही. फुगलेच नाही, तर घरी पाणी काढता येईल अशी नळी बरी.

केमोतले सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडाला जड जाते, त्यात अंगातले पाणी आटवणारा नागपूरचा मे महिना! त्याऐवजी कार्बोप्लॅटिन चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. सोबतचे केमोचे औषध पेमेट्रेक्सेड सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी-१२चे इंजेक्शन लागते. ते चुकले की रक्तपेशी घसरतात, तोंड येते. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका, तेही मूत्रपिंडाला जड जाते.

दम कमी करायला मॉर्फिनचा लहान डोस उपयोगी पडतो, सोबत पोट साफ होण्याचे औषध हवेच.

– रुग्णसेवेतील काही जण, नागपूर