स्लेजयात्रेत आधी कुत्र्यांचे जेवण

महोदय,

नॉर्वेच्या फिनमार्क पठारावर पाच दिवस कुत्र्यांची स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी, हाकून नुकताच परतलो. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. ही सहल म्हणजे उबदार पांघरुणात बसून राहणे नव्हे. प्रवाशाला स्लेजच्या मागे उभे राहून ब्रेक सांभाळावा लागतो, चढावर उतरून ती ढकलावी लागते आणि मुक्कामी पोहोचल्यावर, स्वतःचे हातपाय कितीही गारठलेले असले तरी, आधी कुत्र्यांना जोतातून सोडणे, बर्फ वितळवून त्यांना कोमट पाणी व मांस देणे आणि प्रत्येकाचे पंजे तपासणे ही कामे उरकावी लागतात. कारण बोटांमध्ये बर्फाचे खडे साचून जखम झाली, तर दुसऱ्या दिवशी तो कुत्रा धावू शकत नाही.

‘मुक्या जिवांना राबवता’, असे मला अनेकांनी सुनावले. हे कुत्रे पिढ्यानपिढ्या धावण्यासाठीच जोपासले गेले आहेत. १९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पावरील औषध सुमारे १,०८५ किलोमीटर अंतरावरून अशाच कुत्र्यांच्या चमूंनी टप्प्याटप्प्याने, साडेपाच दिवसांत पोहोचवले होते. तरीही आक्षेप रास्त आहे. म्हणून नोंदणीपूर्वी आयोजकांना जरूर विचारावे, की उन्हाळ्यात हे कुत्रे कोठे असतात आणि म्हातारपणी त्यांचे काय होते. सरळ उत्तर न देणाऱ्यांकडे पैसे भरू नयेत.

– एक वाचक, ठाणे