परक्या पासपोर्टवरचा आपला माणूस आणि पूरमदत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या आम्हा सत्तरीकरांना 23 जुलै 2021 हा दिवस आठवतो. म्हादई नदीचे पाणी आमच्या वाड्यावर कमरेएवढे चढले होते, मातीच्या भिंती भिजून बसल्या होत्या आणि पाणी ओसरल्यावर कोठीतल्या भाताला दोन दिवसांत मोड येऊन घरभर आंबूस वास सुटला होता. सरकारी माणसे आली, शेजारच्या गावांतून शिजवलेले अन्न आले. त्या मदतीविषयी माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते देणारा तयार असूनही येऊ न शकलेल्या मदतीविषयी.

आमच्या मंडळाच्या वहीत त्या आठवड्याच्या पानावर दोन सख्ख्या भावांची नावे एकाखाली एक आहेत. धाकटा दुबईत नोकरीला, भारतीय पासपोर्टवर. थोरला इंग्लंडमध्ये, पोर्तुगीज पासपोर्टवर. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, म्हणून धाकट्याची रक्कम आम्हाला घेता आली. थोरल्याने नागरिकत्व बदललेले असल्याने 2010 च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याप्रमाणे, म्हणजेच ‘एफसीआरए’प्रमाणे, तो ‘विदेशी स्रोत’ ठरतो, आणि अशा स्रोताची देणगी केंद्राकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या आमच्यासारख्या मंडळाला घेता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्यात फरक पडत नाही. भावाला घर बांधायला पैसे पाठवण्याची मुभा त्याला होती, वाड्याला पाठवण्याची नव्हती. वहीत त्याच्या नावापुढचा रकाना आजही कोरा आहे.

हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा गोव्याला अधिक जवळून भिडतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे हजारो गोमंतकीय कुटुंबांत एकाच छपराखाली दोन देशांचे पासपोर्ट आहेत. गावच्या जत्रेला आणि चतुर्थीला न चुकता येणारी ही माणसे संकटाच्या वेळी मात्र कायद्याने परकी ठरतात.

विदेशी पैशावर देखरेख नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. विदेशी देणगी मिळवणे हा कोणाचा निरपवाद हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये या कायद्यातील 2020 च्या दुरुस्त्या वैध ठरवताना सांगितले, आणि ते मला मान्य आहे. पण त्या दुरुस्तीतील एक कलम आपत्तीच्या काळात फार जाचक ठरते. नोंदणीकृत संस्थेला आपल्याकडे आलेला विदेशी निधी आता दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत का असेना. पूर्वी शहरातली मोठी संस्था पैसा घेई आणि गावातल्या ओळखीच्या, नोंदणी असलेल्या लहान संस्थेमार्फत तो पोहोचवी. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, कोणाची गुरे वाहून गेली, हे त्या लहान संस्थेलाच ठाऊक असते. ती साखळीच तुटली आहे. नव्याने पूर्वपरवानगी मागावी, तर निर्णयासाठी कायद्यातच साधारण 90 दिवसांची मुदत धरलेली आहे, आणि जुलैच्या पुरानंतर 90 दिवस म्हणजे दसराही होऊन जातो.

2004 च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत न घेण्याचे धोरण केंद्राने धरले आणि 2018 च्या केरळच्या पुरातही ते कायम ठेवले. मात्र त्याच वेळी भारतीय वंशाच्या व्यक्तींनी व विदेशी प्रतिष्ठानांनी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री मदतनिधीला दिलेल्या देणग्यांचे स्वागत असेल, असे परराष्ट्र मंत्रालयानेच जाहीर केले होते. अशा देणग्यांसाठी रीतसर वाट हवी. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला 2025 मध्ये विदेशी देणग्या स्वीकारण्याची मान्यता मिळाली; गोवा सरकारनेही आपल्या मदतनिधीसाठी ती पावसाळ्याआधीच पदरात पाडून घ्यावी.

एवढ्यावर मात्र थांबू नये. ‘एफसीआरए’च्याच कलम 50 नुसार लोकहितासाठी एखाद्या संस्थेला त्या कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, त्यामुळे संसदेत नवी दुरुस्ती आणण्याचीही गरज नाही. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यातील स्थानिक संस्थांना ठरावीक मुदतीपुरती अशी सूट मिळावी. पैसा फक्त बँकेतून यावा, जिल्हाधिकाऱ्यांनी हिशेब तपासावा आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. आमच्यासारख्या मंडळांना या अटी जड जाणार नाहीत, कारण गावात पैशापैशाचा हिशेब तसाही विचारला जातो. गोव्याच्या तिन्ही खासदारांनी हा विषय केंद्रीय गृह मंत्रालयापुढे मांडावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वाळपई – सत्तरी