गाडी तीच, इंजिन कोणते?

संपादक महोदय,

आलिशान एसयूव्हीवर भरघोस सूट जाहीर झाली की ग्राहक रंग, सनरूफ आणि हप्ता विचारतो. इंजिन जुने की नवे, हे क्वचितच विचारतो. गाडी विकायला काढल्यावर मात्र फटका नेमका तिथेच बसतो.

बीएमडब्ल्यू एक्स५ घ्या. जुलै २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती भारतात आली. पेट्रोल इंजिन ३४० वरून ३८१ अश्वशक्तीवर गेले, टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, ४५० वरून ५२० न्यूटन-मीटर झाला. डिझेल २६५ वरून २८६ वर गेले. सीसी, म्हणजे इंजिनचे आकारमान, मात्र बदलले नाही: पेट्रोल २९९८, डिझेल २९९३. विक्रेता देतो त्या नमुना २१ च्या विक्री प्रमाणपत्रात 'अश्वशक्ती किंवा सीसी' असा एकच रकाना आहे. तिथे नुसते सीसी लिहिले की दोन्ही गाड्या त्या रकान्यात जुळ्या दिसतात. मर्सिडीज जीएलईचे तसे नाही. नोव्हेंबर २०२३ च्या बदलात तिची ३००डी ही डिझेल आवृत्ती १९५० वरून १९९३ सीसीची झाली आणि २९२५ सीसीच्या ४००डीच्या जागी २९८९ सीसीची ४५०डी आली. तिथे आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, सीसी पाहूनच उलगडा होतो.

या दोन्ही गाड्यांच्या सुधारित आवृत्त्या परदेशात २०२३ च्या सुरुवातीलाच जाहीर झाल्या होत्या. म्हणजे एक्स५च्या ग्राहकाला सुमारे पाच महिने आणि जीएलईच्या ग्राहकाला नऊ महिने आधी कळू शकत होते की आपण घेतोय ते इंजिन जाणार आहे. अशा वेळी मिळणारी सूट ही शिल्लक माल संपवण्यासाठी असते. तिचा भुर्दंड दोन वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजलेल्यांनाही पडतो, कारण सूट धरून कोरी गाडी ज्या भावात मिळते त्याच्या बरीच खाली आल्याशिवाय जुनीला गिऱ्हाईक मिळत नाही. त्यात महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलसाठी १३ आणि डिझेलसाठी १५ टक्के एकरकमी कर. एक कोटीच्या डिझेल गाडीचे हे पंधरा लाख पुढचा खरेदीदार वेगळे मोजून देत नाही.

जुने इंजिन वाईट असते असे मुळीच नाही. आठ-दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याला चांगल्या सुटीत ते घेणे परवडते. या नव्या इंजिनांसोबत ४८ व्होल्टची बॅटरी आणि स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारी आणि वीजही बनवणारी मोटर) येतात. गाडी सुरू होताना धक्का जाणवत नाही हे खरे, पण वॉरंटी संपल्यावर खर्चाची ती एक नवी जागा असते. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र सूट आणि पुढची घट यांचा हिशेब आधी मांडावा.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी कोटेशनवर चासी नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि अश्वशक्ती लिहून घ्यावी. तोंडी '२०२३ मॉडेल' यावर विसंबू नये: डिसेंबर २०२२ मध्ये बनलेली गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये पासिंग झाली, तरी जुन्या बाजारात तिचा भाव २०२२ चाच लागतो. डिलिव्हरीच्या दिवशी तोच चासी नंबर गाडीवर आणि विक्री प्रमाणपत्रावर ताडून पाहावा, मगच उरलेले पैसे द्यावेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नमुना २१ मधला तो 'किंवा' काढावा आणि अश्वशक्ती व सीसी दोन्ही लिहिणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे